किनाऱ्यालगतची उबदार पट्टी

एप्रिलच्या मध्यावर न्यूयॉर्क राज्यातल्या ओल्कॉट, पॉइंट ब्रीझ, सोडस किंवा ऑस्वेगो या बंदरांतून सकाळी निघालेल्या मासेमारीच्या बोटी पाहिल्या, तर नवख्याला वाटावं की यांचं काहीतरी बिनसलंय. समोर लेक ओंटारिओ पसरलेलं असतं: जवळजवळ १९,००० चौरस किलोमीटर गोडं पाणी, सर्वांत खोल जागी २४४ मीटर. बोटींवर सोनार, जीपीएस, दणकट इंजिनं, सगळा जामानिमा. आणि एवढं सगळं घेऊन या बोटी धक्क्याबाहेर पडल्या की लगेच आडव्या वळतात आणि किनाऱ्याला समांतर, जेमतेम दोन-तीन मीटर पाण्यात रेंगाळत राहतात. काठावरच्या घरातला माणूस अंगणातून हाक मारेल, इतक्या जवळ.

त्यांना हवा असतो ब्राऊन ट्राऊट. मार्चअखेरपासून मेपर्यंत हा मासा त्या प्रचंड सरोवराच्या अगदी कडेला येऊन राहतो. त्याला पकडायची तिथली रूढ पद्धत म्हणजे ट्रोलिंग: बोट संथ चालू ठेवायची आणि मागे सोडलेलं आमिष पाण्यातून ओढत न्यायचं. कोकणात सुरमईसाठी चालत्या होडीमागे गळ ओढतात, तत्त्व तेच. फरक असा की समुद्रात होडीखाली भरपूर पाणी असतं. इथे बोटीखाली पुरुषभर पाणी आणि त्यात बुजरा मासा. ज्या बोटीने त्याच्यापर्यंत पोचायचं, तीच बोट त्याला पळवून लावते. या मासेमारीतली जवळजवळ प्रत्येक युक्ती या एका अडचणीतून निघालेली आहे.

पण आधी मासा कडेला येतोच का, ते पाहू. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरून जातो. लेक ओंटारिओत वसंतात हा नियम डोळ्यांसमोर चालताना दिसतो. हे सरोवर इतकं खोल आहे की कडाक्याच्या थंडीतही ते सहसा पूर्ण गोठत नाही, पण हिवाळाअखेर त्याचं पाणी ४ अंशांच्या खाली उतरलेलं असतं. मग ऊन वाढायला लागतं. ऊन सगळीकडे सारखंच पडतं. पण किनाऱ्याजवळ त्याची उष्णता तीन मीटर पाण्यात वाटली जाते आणि मध्यभागी शंभर-दीडशे मीटर पाण्यात. शिवाय मध्यावरचं २ अंशांचं पाणी तापायला लागलं की जड होतं आणि खाली बुडतं, त्यामुळे तिथे पृष्ठभाग गरम राहतच नाही. कडेचं पाणी मात्र एकदा ४ अंशांच्या वर गेलं की उलटा प्रकार सुरू होतो. आता तापलेलं पाणी हलकं असतं, ते वरच राहतं आणि आणखी तापत जातं.

या दोन पाण्यांची गाठ जिथे पडते तिथे एक गमतीची गोष्ट घडते. ६ अंशांचं कडेचं पाणी आणि २ अंशांचं आतलं पाणी एकत्र आलं की मिश्रण ४ अंशांच्या आसपास येतं, म्हणजे दोघांपेक्षाही जड. ते तिथेच खाली बुडत राहतं. असा बुडत्या पाण्याचा एक उभा पडदा किनाऱ्याला समांतर तयार होतो. त्याला थर्मल बार म्हणतात. एकोणिसाव्या शतकात फोरेल या स्विस शास्त्रज्ञाने जिनिव्हा सरोवरात तो ओळखला होता. ओंटारिओवर त्याचा सविस्तर अभ्यास १९६० च्या दशकात झाला. पडदा आहे तोवर नद्या-ओढ्यांतून आलेलं कोमट, गढूळ, सकस पाणी काठाच्या बाजूलाच अडकून राहतं. दिवस जातात तसा तो किनाऱ्यापासून दूर सरकत जातो आणि जूनमध्ये कधीतरी नाहीसा होतो. तोपर्यंत सरोवराचं जिवंत, खातंपितं पाणी म्हणजे ही कडेची अरुंद पट्टी.

ब्राऊन ट्राऊटची वाढ १३-१४ अंशांच्या आसपास सर्वांत चांगली होते. एप्रिलमध्ये एवढी ऊब कुठेच नसते, पण ६ अंश आणि २ अंश यांतला फरकही थंड रक्ताच्या प्राण्याला मोठा असतो. पचन जलद होतं, भूक लागते. आणि खाणंही याच पट्टीत जमतं. स्मेल्ट नावाचे बारीक चंदेरी मासे अंडी घालायला ओढ्यांच्या मुखाशी येतात. शायनर मासे येतात. हिवाळाभर खोलात गेलेले गोबी मासे दगडगोट्यांत परततात. पुढे मेमध्ये एलवाइफ मासे येतात.

हा मासा मुळात अमेरिकेचा नाहीच. तो युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या काही भागांतला. १८८३ मध्ये जर्मनीच्या बॅरन लुसियस फॉन बेहर यांनी त्याची अंडी फ्रेड मॅथर यांच्याकडे लाँग आयलंडवरच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर या मत्स्यबीज केंद्रात पाठवली. तिथून काही न्यूयॉर्कमधल्याच कॅलेडोनियाला आणि काही मिशिगनमधल्या नॉर्थव्हिलला गेली. एप्रिल १८८४ मध्ये नॉर्थव्हिलची पिल्लं मिशिगनच्या बाल्डविन नदीत सोडली गेली आणि मासा रुजला. आपल्याकडेही तो साधारण त्याच काळात, साहेबाच्या छंदापायी आला. काश्मीरला १९०० च्या सुमारास बोटीने अंडी आली आणि श्रीनगरजवळच्या हरवनला त्यांचं संवर्धन सुरू झालं. काश्मीर आणि हिमाचलच्या नद्यांत ब्राऊन ट्राऊट आजही आहे. मनालीला गेलेल्या मराठी पर्यटकाच्या ताटात पडतो तो मात्र बहुतेक वेळा तळ्यात वाढवलेला रेनबो ट्राऊट, याचा दूरचा भाऊबंद. ओंटारिओत आज जे ब्राऊन ट्राऊट आहेत तेही मुख्यतः सरकारी केंद्रांत वाढवून दर वसंतात सोडलेल्या पिल्लांतले. नदीतला ब्राऊन ट्राऊट पाव-अर्धा किलोचा असला तरी माणसं खूश होतात. इथे सरोवरातल्या खाद्यावर तो दोन-चार किलोंचा सहज होतो, आणि अधूनमधून त्याहून बराच मोठाही.

आता अडचणीकडे. हे पाणी पूर्वी इतकं नितळ नव्हतं. १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा शिंपला सापडला. मालवाहू जहाजांच्या तळाशी भरलेल्या पाण्यातून तो युरोपकडून आला होता. वर्षभरात तो ओंटारिओतही पोचला आणि मागोमाग त्याचा भाऊ क्वागा आला. हे शिंपले पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातात. त्यांनी सरोवर असं काही गाळलं की जिथे दोन मीटरखालचं दिसत नसे तिथे तळ दिसू लागला. पोहणाऱ्यांना आनंद; मासेमाराला डोकेदुखी.

दोन मीटर खोलीवरच्या माशाला वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे ही खिडकी साधारण ९७ अंशांच्या कोनाची असते, म्हणजे या खोलीवर तिचा व्यास साडेचार मीटर. तेवढ्यावरून वाटेल की बोट जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागणार नाही. पण बोटीचा तळ पाण्यातच असतो आणि नितळ पाण्यात तो थेट, बराच लांबून दिसतो. इंजिनाचा आवाज पाण्यातून सेकंदाला १,४०० मीटरच्या वेगाने जातो आणि ट्राऊटला नेमके खालच्या पट्टीतले आवाज चांगले कळतात. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंवरची संवेदी रेषा पाण्याचा दाब बदलला की सूचना देते. खोल पाण्यात मासा अशा वेळी थोडा खाली जातो. उथळात खाली जायला जागाच नसते. तो बाजूला सरकतो. बोटीच्या मार्गावरची माशांची गर्दी दोन्हीकडे फाकते आणि बोटीमागे उरतं ते रिकामं पाणी. त्या रिकाम्या पाण्यातून तुम्ही कितीही सुंदर आमिष ओढा.

यावरचा पहिला, जुना उपाय म्हणजे लांब दोरा. बोटीच्या मागे ३०-४० मीटर, पाणी फारच स्वच्छ असेल तर ६० मीटरही तंगूस सोडायचा, म्हणजे बोट गेल्यावर मासे परत जागेवर आले की मग आमिष तिथून जाईल. हे चालतं, पण अर्धवट. खरा उपाय प्लेनर बोर्ड.

प्लेनर बोर्ड म्हणजे पाण्यावर तरंगणारी एक फळी, पुढचं टोक तिरकं कापलेलं. दोऱ्याला बांधून ओढली की पाणी त्या तिरक्या बाजूवर दाबतं आणि फळी सरळ मागे यायच्या ऐवजी बाजूला पळते. पतंग वाऱ्यावर चढतो तशीच ही पाण्यावर आडवी चढते. वेग हा तिचा वारा. डाव्या बाजूची फळी वेगळी, उजवीची वेगळी. छोट्या प्रकारात हाताएवढी फळी थेट गळाच्या दोऱ्यावरच चिमट्याने लावतात. आधी आमिष हवं तितकं मागे सोडायचं, मग फळी अडकवायची, मग पुन्हा दोरा सोडत जायचं. फळी आमिषाला घेऊन बोटीपासून वीस-तीस मीटर बाजूला निघून जाते. मोठ्या प्रकारात बोटीच्या पुढच्या भागात छोटी डोलकाठी असते आणि जाड दोरीवर दुहेरी लाकडी फळी बाजूला धावते. त्या दोरीवरून कड्या घरंगळत सोडायच्या, प्रत्येक कडीच्या चिमट्यात एकेका गळाचा दोरा. मासा लागला की चिमटा दोरा सोडून देतो आणि पुढची झटापट मोकळ्या दोऱ्यावर होते.

दोन्हीकडे फळ्या पळवल्या की बोट साठ मीटर रुंदीचा पट्टा विंचरत जाते, आणि जिथे माशांना ढकललं तिथेच, त्या बाजूंना, आमिषं पोचतात. आणखी एक फायदा किनाऱ्याच्या अंगाचा: बोट अडीच-तीन मीटर पाण्यात सुरक्षित ठेवून आतली फळी जेमतेम मीटरभर पाण्यात नेता येते, जिथे इंजिनाचा पंखा खडकाला लागला असता. पहाटे सर्वांत मोठे मासे बऱ्याचदा त्या आतल्या दोऱ्यालाच लागतात, कारण अंधारात ते गोबींच्या मागे पार काठापर्यंत आलेले असतात.

आमिष म्हणून इथे सर्वाधिक चालतो तो काडीसारखा लांबट नकली मासा, पुढे छोटी प्लॅस्टिकची जीभ असलेला. त्यातल्या मूळ पुरुषाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. फिनलंडमधल्या लाउरी रापाला या गरीब कोळ्याच्या लक्षात आलं की मोठा मासा थव्यातल्या त्याच पिल्लावर तुटून पडतो जे जरा लंगडत, डगमगत पोहतं. १९३६ मध्ये त्याने चांभाराच्या सुरीने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. पुढे बुचाऐवजी बाल्सा आलं. १९६२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकात या आमिषावर लेख आला. तो अंक मरिलिन मन्रोच्या मृत्यूचा, त्यामुळे प्रचंड खपला, आणि फिनलंडच्या त्या कारखान्याला मागणी पुरवता येईना. त्यानंतर बॉम्बर, स्मिथविक वगैरे कंपन्यांचे प्लॅस्टिकचे नकली मासेही ओंटारिओच्या पेट्यांत स्थिरावले, पण रापालाचं अकरा सेंटिमीटरचं तरंगतं आमिष हटलेलं नाही.

तरंगतं, हा शब्द इथे महत्त्वाचा. ओढलं की जिभेमुळे ते मीटर-दीड मीटर खाली जातं. ओढ थांबली की वर येतं. उथळ, खडकाळ पाण्यात मासा लागल्यावर बोट मंदावते, आणि त्या वेळी बाकीचे पाच दोरे तळाला अडकायचे नसतील तर आमिष वर येणारंच हवं. धातूचा चमचा हा आमिषाचा दुसरा प्रकार; तो लखलखतो छान, पण थांबला की दगड. तो मेच्या सुमारास, पाणी तापून बोटी थोड्या वेगाने चालू लागल्या की काढतात.

रंगांवर मासेमार तासन्तास बोलतात. इतकी चर्चा रंगाच्या लायकीची आहे असं मला वाटत नाही. ढोबळ नियम पुरतो: स्वच्छ पाण्यात खऱ्या माशासारखे चंदेरी-काळे, चंदेरी-निळे, गढूळ पाण्यात झगझगीत हिरवट पिवळे, नारिंगी, पहाटेच्या अंधारात गडद, कारण खालून पाहणाऱ्या माशाला उजळत्या आकाशावर आमिषाची आकृती उठून दिसते. त्याहून जास्त लक्ष दोऱ्याकडे द्यावं. चार-साडेचार किलोचा ताण सोसणारा बारीक तंगूस, आणि आमिषाजवळ दोनेक मीटर फ्लुओरोकार्बन. फ्लुओरोकार्बनचा वक्रीभवनांक नायलॉनपेक्षा पाण्याच्या जास्त जवळचा, म्हणून तो पाण्यात कमी दिसतो. जाड दोऱ्याने आमिषाची डगमगही बिघडते. याच कारणाने जाणकार आमिष आवळून बांधत नाहीत, सैल फासाची गाठ मारतात.

वेग ताशी अडीच ते चार किलोमीटर, म्हणजे रमतगमत चालण्याचा. ४-५ अंशांच्या पाण्यात खालची मर्यादा, ९-१० अंशांना वरची. मोठं इंजिन इतक्या हळू चालत नाही, म्हणून बाजूला आठ-दहा अश्वशक्तीचं छोटं इंजिन किंवा पुढे विजेवरची मोटर असते; काही जण पाण्यात कापडी पिशवी सोडून बोटीला रोधतात. पण एकसारखा वेग ही चांगली गोष्ट नाही. बोट सतत हलक्या नागमोडी वळणांनी नेतात, त्यामागे साधं गणित आहे. समजा बोट ताशी ३ किलोमीटरने ६० मीटर त्रिज्येचं वळण घेतेय आणि फळ्या दोन्हीकडे ३० मीटरवर आहेत. बाहेरची फळी ९० मीटर त्रिज्येवर, म्हणजे ताशी साडेचार किलोमीटरने. आतली ३० मीटरवर, दीड किलोमीटरने. बाहेरचं आमिष पळ काढतं, आतलं दमून वर तरंगू लागतं. मागे मागे येणारा आणि तोंड न उघडणारा मासा नेमका अशा बदलावर झडप घालतो. शिवाय मासेमाराला कळतं: मासे बाहेरच्या बाजूला लागत असतील तर वेग वाढवा, आतल्या बाजूला तर कमी करा.

जागा कुठली निवडायची, हे थर्मामीटर आणि डोळे सांगतात. ओढे नि नद्या सरोवराच्या आधी तापतात, म्हणून जेनेसी नदी, एटीन माइल क्रीक, ओक ऑर्चर्ड क्रीक यांच्या मुखांभोवती पाणी अंश-दोन अंशांनी उबदार असतं. पाऊस झाला की तिथून तपकिरी लोट सरोवरात शिरतो आणि स्वच्छ पाण्याशी त्याची ठळक सीमा आखली जाते. ही सीमा सोन्याची. गढुळात ट्राऊट निर्धास्त असतो, बोटीलाही फारसा बुजत नाही, आणि स्वच्छ पाण्यातून भरकटणाऱ्या बारक्या माशांवर तो आतून टपून असतो. सीमेच्या आत-बाहेर बोट विणत नेली की ऐन दुपारीही मासा लागतो. रॉचेस्टरच्या पूर्वेला गिन्ना अणुवीज केंद्राचं कोमट पाणी किनाऱ्यावरच सरोवरात सोडलं जातं. हिवाळाअखेर तिथे ब्राऊन ट्राऊट जमतात, आणि त्यांच्यामागे माणसंही.

वाऱ्याचं प्रकरण जरा नाजूक आहे. दक्षिण किनाऱ्यावर उत्तरेचा वारा कोमट पाणी काठाशी लोटतो, पण लाटा उठवून बोटीला हैराण करतो. दक्षिणेचा वारा पाणी शांत ठेवतो आणि तेवढ्यातच कोमट थर आत ढकलून देतो. पूर्वेचा वारा किनाऱ्याला समांतर, म्हणजे निरुपद्रवी वाटावा. पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पाणी त्याच्या उजवीकडे वळतं. पूर्वेकडून पश्चिमेला वाहणाऱ्या वाऱ्याची उजवी बाजू उत्तर, म्हणजे पाणी किनाऱ्यापासून दूर जातं आणि खालचं थंडगार पाणी वर येतं. पूर्वेच्या वाऱ्यात मासा लागत नाही हे कोळी जगभर म्हणतात. निदान ओंटारिओच्या दक्षिण काठावर तरी त्या म्हणण्याला भौतिकशास्त्राचा आधार आहे.

मासा लागल्यावर घाई करून चालत नाही. बारीक तंगूस, लांब दोरा, थंड पाण्यातला ताजातवाना मासा. रिळाचा ड्रॅग, म्हणजे सुटणाऱ्या दोऱ्याला होणारा रोध, हलकाच ठेवायचा आणि त्याला पळू द्यायचं. परत सोडायचा असेल तर तिहेरी गळ काढून साधे एकेरी लावलेले बरे, नाहीतर हातजाळ्यात मासा, जाळं आणि बोटं यांची गुंतवळ होते. खाण्याच्या बाबतीत मात्र सावध असावं. सरोवराच्या गाळात जुन्या कारखान्यांची पीसीबी रसायनं आहेत आणि ती चरबीदार मोठ्या माशांत साठतात. न्यूयॉर्कचं आरोग्य खातं मोठे ब्राऊन ट्राऊट किती खावेत यावर मर्यादा घालतं, स्त्रिया आणि मुलांसाठी अधिक कडक. आणि पाणी कितीही उथळ असो, ५ अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत आखडतात. १ नोव्हेंबर ते १ मे या काळात २१ फुटांहून लहान बोटीवर लाइफ जॅकेट अंगात हवं, असा त्या राज्यात कायदाच आहे.

मे सरत आला की पडदा आत सरकतो, उबदार पट्टी रुंद होत जाते आणि मासे पांगतात. उन्हाळ्यात ते खोलात जातात, तिथे शिशाचे जड गोळे लावून आमिष खाली न्यावं लागतं. २०१० च्या जुलैत विस्कॉन्सिनमधल्या रसीनजवळ, लेक मिशिगनमध्ये, पकडलेला ४१ पौंड ८ औंसांचा, म्हणजे जवळजवळ १९ किलोंचा ब्राऊन ट्राऊट त्या वेळी जागतिक विक्रम ठरला होता. ओंटारिओवरच्या बहुतेक बोटी मेच्या मध्यातच चिनूक सामनच्या मागे खोल पाण्याकडे वळतात. त्याच सुमारास एलवाइफ अंडी घालायला काठाशी येऊ लागतात, त्यामुळे बरेच ब्राऊन ट्राऊट अजून उथळातच असतात. सूर्य वर येऊन पाणी गजबजण्याआधीचे दोन तास ज्यांना साधता येतात, त्यांच्यासाठी.